तपशील द्यायचा, ओळख नाही

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय पंधरा. शाळा, घर, मैत्रिणी, प्रवास असं रोजचं जगणं तू लिहितेस, आणि स्त्री-पुरुष भेद, जात, वंश, अपंगत्व, गरिबी यांवर चाललेल्या वादांबद्दलही लिहितेस. पण वादांवरचं लिखाण भाषणासारखं होतं आणि रोजचं लिखाण फुटकळ वाटतं. त्यातच एका लेखात वर्गातल्या मुलीनं स्वतःला ओळखलं आणि ती दुखावली. दुसऱ्या एका लेखावर अनोळखी माणसं तुटून पडली. तेव्हा जाहीर लिहिणं बंद करावं का, आणि नाही तर ते कसं करावं?

बंद करण्याचं कारण नाही. वादावरचा लेख भाषणासारखा होतो कारण त्यात माणूस दिसत नाही. सगळी वाक्यं आधी कुठेतरी ऐकलेली असतात. रोजचा लेख फुटकळ वाटतो कारण जे घडलं ते तसंच का घडलं, हे त्यात कुणी विचारलेलं नसतं. दोन्हींचा सांधा म्हणजे डोळ्यांनी पाहिलेला एक तपशील. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतली ही विद्यार्थिनी तेव्हा चौदाएक वर्षांची होती. धर्म, राज्य, शिक्षण असे मोठमोठे विषय तिनं त्यात हाताळले आहेत. पण वाचणाऱ्याच्या मनात रुतून राहतं ते बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्पर नसणं, आणि त्या अवस्थेत सोसावा लागणारा गारठा, पाऊस, वारा. त्या जागी कुणा एकीचं नाव नाही. तरी एकही वाचणारा ‘हे खरं कशावरून’ असं विचारत नाही.

तुझ्या दोन्ही अडचणींचं उत्तर इथेच आहे. म्हणणं सिद्ध करणारा तपशील वेगळा, माणसाची ओळख फोडणारा तपशील वेगळा. पहिला भरपूर द्यायचा, दुसरा काढून घ्यायचा. नवखं लिहिणारं नेमकं उलट करतं. कोण, कुठल्या वर्गातली, कुणाची मैत्रीण हे सगळं सांगतं आणि नक्की काय घडलं हे मात्र ‘तिच्यावर अन्याय झाला’ एवढ्यात उरकतं.

पहिलं काम टिपणवहीचं. घटना घडली त्याच दिवशी, झोपायच्या आधी लिही. डाव्या पानावर फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं, उजव्या पानावर वाटलेलं आणि त्यातून काढलेला अर्थ. ‘सरांनी मला डावललं’ हे उजव्या पानाचं वाक्य. ‘मी तीनदा हात वर केला, तिन्ही वेळा मागच्या बाकावरच्या मुलाला विचारलं’ हे डाव्या पानाचं. जे शब्द नेमके आठवतात तेवढेच अवतरणात घाल, बाकीचं ‘असं काहीसं म्हणाले’ म्हणून लिही. दोन दिवस गेले की आठवण संवाद सुधारायला लागते. तुझ्या तोंडी अधिक धारदार वाक्यं येतात आणि समोरचा अधिक मूर्ख होतो. त्याच दिवशीची नोंद हाताशी असली की हे लबाड सुधारकाम पकडता येतं. लेखात डावं पान आधी यायला हवं. उजवं पान वाचणाऱ्याच्या मनात आपोआप तयार झालं, तर ते लिहावंही लागत नाही.

काही गोष्टी मोजाव्या लागतात, आणि मोजताना बहुतेक जण फसतात. समज, वर्गात मुलग्यांनाच जास्त प्रश्न विचारतात असं तुला वाटतं. दहा तास मोजलंस. ६० प्रश्न झाले, त्यातले ३६ मुलग्यांना आणि २४ मुलींना. दीडपट! लेख लिहायला हात शिवशिवतात. पण वर्गात ४० जण असतील आणि त्यात २४ मुलगे व १६ मुली असतील, तर ६० प्रश्नांतले ३६ हा मुलग्यांचा तंतोतंत वाटा आहे. कुणीतरी हे दाखवून देईल आणि तुझा सगळा लेख पडेल. आता त्याच दहा तासांत वर झालेले हातही मोजले असतेस तर? समज, मुलींचे हात ९० वेळा वर झाले आणि मुलग्यांचे ६० वेळा. म्हणजे मुलग्यांना पाच वेळा हात वर केल्यावर तीनदा संधी मिळते, आणि मुलींना चार वेळा केल्यावर जेमतेम एकदा. आधी न दिसलेली विषमता त्याच नोंदीतून बाहेर येते. म्हणून मोजायला बसण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर लिही: नक्की काय मोजणार (नुसतं नाव घेणं प्रश्न धरायचं का?) आणि कितीपैकी. राग आल्यावर मोजायला सुरुवात केली तर आपल्या बाजूचीच उदाहरणं डोळ्यांत भरतात, म्हणून उलट बाजूच्या उदाहरणांसाठी वेगळा रकाना हवा. शेवटी लेखात ‘आमच्या वर्गात, या दहा तासांत’ असंच लिही. ‘शाळांमध्ये असं होतं’ हे वाक्य त्या नोंदीतून निघत नाही.

दुसऱ्यांनी दिलेल्या आकड्यांनाही हीच शिस्त लागते. कुणी मोजलं, कधी, कोणाला विचारलं, आणि ‘इतके टक्के’ म्हणजे कशाचे टक्के? या चारांतलं एकही उत्तर मिळालं नाही तर तो आकडा लेखात घेऊ नकोस, तो कितीही आपल्या बाजूचा असो. शोधायची पद्धतही महत्त्वाची आहे. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात इतिहासाचे अभ्यासक, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस एकच मजकूर कसा पारखतात हे पाहिलं होतं. अभ्यासक आणि विद्यार्थी त्याच पानावर रेंगाळले, नीटनेटकं बोधचिन्ह आणि गंभीर नाव पाहून बऱ्याचदा फसले. तपासनिसांनी लगेच दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि ही संस्था कोणाची, तिच्याबद्दल इतर काय म्हणतात, ते आधी पाहिलं. एखाद्या आकड्यावर तू अर्धा तास विचार करण्यापेक्षा पाच मिनिटं त्याच्या बापजाद्यांची चौकशी केलीस तर जास्त हाती लागतं.

आता शब्द. न्यायाच्या वादात भारी शब्द फार आणि ते उसने घेणं सोपं. इंटरसेक्शनॅलिटी (एकाच माणसावर दोन भेदभाव एकत्र येऊन त्यांतून वेगळाच अन्याय होणं) हा शब्द किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक प्राध्यापिकेनं १९८९ मध्ये मांडला. त्यामागे एक ठोस गाऱ्हाणं होतं. एका मोटार कंपनीनं १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलंच नव्हतं. पुढे मंदीत ‘शेवटी आले ते आधी बाहेर’ या नियमानं कपात झाली आणि उशिरा घेतलेल्या त्या स्त्रियाच बाहेर पडल्या. कोर्टानं १९७६ मध्ये त्यांचं वेगळं गाऱ्हाणं मानलं नाही. कंपनीत स्त्रिया होत्या (त्या गोऱ्या), कृष्णवर्णीयही होते (ते पुरुष). तेव्हा स्त्री म्हणून भेदभाव झाला म्हणा किंवा वंशावरून झाला म्हणा, दोन्हींची बेरीज करून तिसरं काही मागू नका, असा त्याचा रोख होता. हे कळल्यावर ‘आपण सगळेच इंटरसेक्शनल आहोत’ असलं वाक्य तुझ्या हातून उतरणार नाही. गॅसलायटिंगचंही तेच. हा शब्द १९३८ सालच्या एका इंग्रजी नाटकावरून आला. त्यातला नवरा बायकोला तिच्याच डोळ्या-कानांबद्दल शंका यावी म्हणून पद्धतशीर खोटं बोलत राहतो. मैत्रीण ‘मला तसं आठवत नाही’ म्हणाली तर तो मतभेद आहे. त्याला गॅसलायटिंग म्हटलंस की तिच्यावर हेतूचा आरोप केलास, आणि जिला खरोखर तसं सोसावं लागतं तिचा शब्द बोथट केलास.

शब्दाची पारख सोपी आहे. परिच्छेद त्या शब्दाविना लिहून बघ. काहीच हरवलं नाही तर शब्द काढ. हरवलं तर ठेव, पण पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत, स्वतःच्या उदाहरणासह त्याचा अर्थ सांग. एका लेखात असा एकच शब्द पुरे.

यापुढचा भाग सर्वांत अवघड, आणि वर्गातल्या त्या मुलीचं दुखावणं इथलं आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क करारात १३ वं कलम मुलांना अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं आणि १६ वं कलम खासगीपणाचं संरक्षण. तुझं १३ वं कलम आणि तुझ्या वर्गमैत्रिणीचं १६ वं एकाच करारात शेजारी राहतात. न्यायाबद्दल लिहिणाऱ्याला यातलं एक सोडून दुसरं धरता येत नाही.

नाव बदललं की ओळख लपली, हा समज पार चुकीचा आहे. लटान्या स्वीनी या संशोधिकेनं २००० साली दाखवलं की जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पिनकोड एवढ्यावरून अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांना एकेकटं वेगळं काढता येऊ शकतं. तीन साध्या गोष्टी, त्यात नाव नाही. तुझ्या लेखातली ‘माझ्या बाकावरची, नुकतीच शाळा बदलून आलेली, वडील आजारी असलेली मुलगी’ तर चाळीस जणांच्या वर्गात एकच असणार.

वाचणाऱ्यांची तीन वर्तुळं डोळ्यांपुढे ठेव. सर्वांत आत ती व्यक्ती स्वतः, मग त्या खोलीत असलेले सगळे, मग परके. परक्यांपासून लपवणं सोपं असतं, पण परक्यांना कळल्यानं सहसा काही बिघडत नाही. दुखापत होते ती मधल्या वर्तुळात. म्हणून लेख टाकण्यापूर्वी विचारायचं ते एवढंच: त्या दिवशी वर्गात असलेल्या कुणी हे वाचलं तर कुणाबद्दल आहे हे त्याला कळेल का, आणि कळल्यावर त्याला त्या मुलीबद्दल आधी ठाऊक नसलेलं काही कळेल का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर तो तपशील गेलाच पाहिजे.

काढायचा कसा? वेळ, जागा आणि नातं या तिघांपैकी किमान दोन धूसर कर. ‘काल गणिताच्या तासाला माझी जिवलग मैत्रीण’ याऐवजी ‘मागे एकदा, ओळखीतली एक मुलगी’. घटनेनंतर लगेच न लिहिता महिना-दोन महिने जाऊ दे. ताजी घटना सगळ्यांच्या तोंडी असते, जुनी एकाच दिवसाशी बांधलेली राहत नाही. वरवरच्या गोष्टी बदलायला हरकत नाही, पण ज्या गोष्टीवर तुझा मुद्दा उभा आहे ती बदलायची नाही. मुद्दा मुलगी म्हणून मिळालेल्या वागणुकीचा असेल तर मुलीचा मुलगा करता येत नाही. मुद्दा पैशांचा असेल तर घरची परिस्थिती बदलता येत नाही. बदल केले असतील तर शेवटी एका ओळीत सांग: ‘ओळख लपवण्यासाठी काही तपशील बदलले आहेत.’ दोन मुलींच्या गोष्टी जोडून एकच मुलगी उभी करायचा मोह होतो. तो टाळ. ती मुलगी अस्तित्वातच नसते, आणि तिच्यावर उभा केलेला युक्तिवाद पहिल्याच चौकशीत कोसळतो.

परवानगी मागायची तर सारांश सांगून मागू नकोस. ‘तुझ्याबद्दल थोडं लिहिलंय, चालेल ना?’ याला बहुतेक मैत्रिणी ‘हो’ म्हणतात आणि लेख वाचून रडतात. पूर्ण परिच्छेद दाखव, कुठे टाकणार आणि कोण वाचू शकेल हे सांग, दोन दिवस दे. ‘नाही’ म्हणाली तर कारण विचारू नकोस. ‘हो’ म्हणून नंतर मन बदललं तरी परिच्छेद काढायचा, हे आधीच कबूल कर. कुणाची जात, धर्म, लैंगिक ओळख, आजार, घरची मिळकत, कुणाचं आईवडिलांशी पटत नाही हे, यांतलं काहीही तिच्या स्पष्ट होकाराशिवाय जाहीर करायचं नाही, तिच्या बाजूनं लिहीत असलीस तरी नाही. तिची बाजू घेण्यासाठी तिचं गुपित फोडणं हा तिच्यावर आणखी एक अन्याय आहे. धाकट्या भावंडाचा होकार धरूच नये; सात वर्षांच्या मुलाला आपण कशाला हो म्हणतोय हे समजत नाही. आईवडिलांशी झालेल्या भांडणात तुझा अर्धा भाग तुझा आहे. तू काय म्हणालीस, तुला काय वाटलं, ते लिही. त्यांचा अर्धा भाग त्यांना विचारून.

याला एक बाजूची नोंद जोडायलाच हवी. मारहाण, लैंगिक त्रास, धमकी असं काही तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडत असेल तर ते आधी लेखात येता कामा नये. आधी विश्वासातलं मोठं माणूस, नाही तर मुलांसाठीची हेल्पलाइन; बहुतेक देशांत ती असते. जाहीर झाल्यावर त्रास देणारा सावध होतो, पुरावे नष्ट करतो, आणि ज्याला त्रास झाला त्याच्या हातून पुढच्या निर्णयांचा ताबा जातो.

टोपणनाव घ्यावं का? घ्यावं, पण त्याच्या मर्यादा ओळखून. मलाला युसुफझाईनं २००९ साली, अकराव्या वर्षी, बीबीसी उर्दूसाठी ‘गुल मकई’ या नावानं रोजनिशी लिहिली. ती हातानं लिहून देई आणि पुढे पाठवण्याचं काम एक वार्ताहर करी. म्हणजे टोपणनावाच्या पाठीशी मोठी माणसं होती. तरीही पुढे ते नाव कुणाचं हे जगाला कळलंच. टोपणनाव वेळ मिळवून देतं, कायमचं कवच नव्हे. ते टिकवायचं तर त्यासाठी वेगळा ई-मेल पत्ता काढ, फोनमधले संपर्क त्या खात्याला देऊ नकोस (नाही तर ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ म्हणून तुझं टोपणनावाचं खातं तुझ्याच वर्गमित्रांना दाखवलं जातं), दुसरीकडे वापरलेलं वापरकर्तानाव आणि छायाचित्र इथे वापरू नकोस. खातं उघडताना वय खोटं सांगू नकोस. बहुतेक सेवांवर १३ ची जी अट दिसते ती अमेरिकेतल्या १९९८ च्या मुलांच्या खासगीपणाविषयीच्या कायद्यातून आली आहे. वय वाढवून सांगितलंस तर अल्पवयीनांसाठी असलेल्या संरक्षक सेटिंग तुझ्या खात्याला लागूच होत नाहीत.

फोटोंबद्दल. फोननं काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये काढल्याची वेळ आणि स्थानाची परवानगी चालू असेल तर अक्षांश-रेखांशही असतात. काही सेवा ही माहिती काढून टाकतात, पण मूळ फाइल थेट पाठवली तर ती सहसा तशीच जाते. कॅमेऱ्याची स्थानाची परवानगी बंद कर, आणि फोटो टाकण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट काढून तो वापर. त्यानंतर कडा बघ: गणवेश, ओळखपत्राची फीत, फळ्यावरचं वेळापत्रक, खिडकीतून दिसणारी पाटी. माणसं समोरचा चेहरा झाकतात आणि मागच्या आरशात तोच चेहरा राहतो. संभाषणाचा स्क्रीनशॉट दाखवताना नावावर फिरवलेला ‘मार्कर’ बऱ्याचदा अर्धपारदर्शक असतो. प्रकाश वाढवला की खालचं नाव वाचता येतं. त्यावर गडद भरीव चौकोन ठेव आणि त्याचा पुन्हा स्क्रीनशॉट काढ. कापलेला भागही नेहमी जात नाही. काही फोनमधल्या चित्र कापण्याच्या साधनात कापलेला भाग फाइलमध्येच राहत होता आणि परत मिळवता येत होता, हे २०२३ मध्ये उघडकीला आलं.

स्वतःबद्दल किती लिहावं, याला वहीचा आधार घे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आपल्या सर्वांत दुखऱ्या अनुभवाबद्दल लिहिलं. लिहून झाल्यावर सुरुवातीला त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झालेल्या दिसल्या. ते लिखाण वाचकांसाठी नव्हतं, हे ध्यानात घे. मोकळं होण्यासाठी वही आहे, त्यासाठी वाचक लागत नाहीत. आणि ज्या दिवशी जखम ओली आहे त्या दिवशी एका तिरकस प्रतिक्रियेनंही ती उघडते. ॲन फ्रँकनं १९४२ मध्ये, तेराव्या वर्षी, स्वतःसाठी डायरी धरली. १९४४ मध्ये, युद्धकाळातल्या डायऱ्या जपून ठेवा असं रेडिओवरचं आवाहन ऐकल्यावर तिनं छापण्याच्या विचारानं ती पुन्हा लिहायला घेतली, काही भाग गाळला, माणसांना बदललेली नावं योजली. डायरी आणि जाहीर लिखाण हे दोन मजकूर आहेत हे त्या मुलीला लपून राहण्याच्या जागेतही नीट कळत होतं. तूही दोन्ही वेगळे ठेव. ताजं असताना वहीत लिही. जाहीर करायचं ते निवल्यावर, आणि पुन्हा लिहून. आणि तू ज्या गटातली आहेस त्या सगळ्या गटाच्या वतीनं साक्ष देण्याची जबाबदारी तुझ्यावर नाही. ‘तुमच्या लोकांना याबद्दल काय वाटतं?’ या प्रश्नाला ‘मला काय वाटतं ते सांगते’ हे पूर्ण उत्तर आहे.

लेख लागतो तेवढाच असावा. सहाशे ते आठशे शब्दांत एक घटना आणि एक मुद्दा व्यवस्थित बसतो. घटना पहिल्या दीडशे शब्दांत यावी. उपाय सुचलाच पाहिजे असं नाही.

लोक तुटून पडतात तेव्हा सगळ्या प्रतिक्रिया एकसारख्या वाटतात. त्या नसतात. पहिल्या दिवशी एकालाही उत्तर देऊ नकोस. दुसऱ्या दिवशी कागदावर त्यांची वर्गवारी कर. कुणी चूक दाखवली असेल तर तपास, आणि खरी असेल तर लेखातच, तारीख घालून, काय होतं आणि काय केलं हे लिही. गुपचूप बदललेला लेख पुढे जुन्या स्क्रीनशॉटसह तुझ्यासमोर येतो. कुणी ‘माझा अनुभव वेगळा आहे’ म्हणत असेल तर त्याला खोडायचं काही नाही; तुझं विधान किती मोठं होतं ते बघ आणि गरज असेल तर ते आखूड कर. कुणी न म्हटलेलं तुझ्या तोंडी घातलं असेल तर मूळ वाक्य दाखवून एकदाच खुलासा कर, दुसऱ्यांदा नको. उरलेले शिवीगाळ आणि धमक्या. त्यांना उत्तर नाही. आधी वापरकर्तानाव, दुवा, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट, मग सेवेकडे तक्रार, मग ब्लॉक. याच क्रमानं, कारण ब्लॉक केल्यावर तो मजकूर पुन्हा हाती लागेलच असं नाही. प्रतिक्रिया थोडे दिवस बंद ठेवण्यात काही हार नाही. आणि त्या दिवसांत एका मोठ्या माणसानं ते सगळं तुझ्यासोबत वाचायला हवं. एकटीनं रात्री वाचत बसलीस तर वीस वाक्यं दोनशेंसारखी वाटतात.

तुला कुणाला जाब विचारायचा असेल तेव्हा त्याची ताकद मोजून घे. संस्थेनं किंवा सत्तेतल्या माणसानं जाहीर केलेल्या विधानाला जाहीर उत्तर योग्य. वर्गातल्या कुणी मधल्या सुट्टीत काही बोललं असेल तर आधी समोरासमोर, एकांतात. आणि एखाद्यावर आधीच तीनशे जण तुटून पडले असतील तर तुझं तीनशे एकावं वाक्य कितीही बरोबर असलं तरी त्याला ते दगडासारखंच लागतं.

आता त्या मुलीचं. मजकूर आज काढ, उद्या नाही. दुरुस्ती लेखात जाहीर करण्याचा नियम इथे लागू नाही. इथे खुलासा जाहीर केलास तर उरलेल्यांनाही ती कोण हे कळेल. समोर जाऊन माफी माग, आणि काय चुकलं ते नाव घेऊन सांग: ‘तुझ्या घरचं मला विश्वासानं सांगितलं होतंस, ते मी तुला न विचारता लिहिलं.’ ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हे शब्द नकोत. मजकूर काढला तरी प्रती उरू शकतात. इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्था १९९६ पासून जालावरची पानं साठवत आल्या आहेत. तिथे पानाचा दुवा देऊन ते काढण्याची विनंती करता येते. शोधयंत्रांकडे जुना झालेला मजकूर निकालांतून हटवण्यासाठी वेगळा अर्ज असतो. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू झालेल्या माहिती-संरक्षण नियमांत १७ वं कलम माहिती पुसून घेण्याचा हक्क देतं, आणि लहानपणी संमती देऊन बसलेल्यांना तो विशेष महत्त्वाचा आहे असं त्यांच्या प्रस्तावनेत म्हटलं आहे. इतरत्र कायदे वेगळे असले तरी काही मोठ्या सेवांवर अल्पवयीनांसंबंधीच्या मजकुराची तक्रार वेगळी घेतात; अर्जात तिचं वय लिहायला विसरू नकोस, आणि अर्ज तिला बरोबर घेऊनच कर.

एक अजून. प्रत्येक दिवसातून मुद्दा काढायची सवय लागली तर रोजचं लिखाण मरतं. पावसात भिजून घरी येणं, नवीन केस कापल्यावर आरशात स्वतःला न ओळखणं, बहिणीबरोबर विनाकारण हसत सुटणं, यांच्यावर लिहिताना कुठल्याही वादाकडे वळू नकोस. ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांच्या आयुष्यात अन्यायाशिवाय बाकी काही नसतंच, अशी एक खोटी समजूत वाचणाऱ्यांत असते, आणि असे साधे लेख ती मोडतात. दर चार लेखांत दोन तरी असे असू देत.

दर सहा महिन्यांनी जुने लेख एका बैठकीत वाच. ज्यांनी परवानगी दिली होती त्यांची यादी वहीत असेलच. त्यांना पुन्हा विचार, कारण पंधराव्या वर्षीचा होकार सतराव्या वर्षी तसाच राहतो असं नाही. ज्या लेखाशी आता तू सहमत नाहीस तो काढू नकोस. वर तारीख घालून दोन ओळी लिही: काय बदललं आणि कशानं. ज्या लेखानं कुणाची ओळख फुटते तो मात्र, कितीही चांगला साधला असला तरी, वहीत परत जाऊ दे.